अंगठ्याला पाठ असलेली भाषा

आईची दृष्टी अधू झाली आणि काही दिवसांतच घरातली जुनी म्युझिक सिस्टिम बंद पडली. तिच्या रिमोटची बटणं मात्र आईच्या अंगठ्याला पाठ होती. नवा रिमोट शिकणं आता तिला जमणारं नव्हतं. म्हणून रास्पबेरी पाय या लिनक्सवर चालणाऱ्या तळहाताएवढ्या संगणकात तिची नाट्यपदं भरली आणि त्याला हा जुनाच रिमोट कळावा, या खटपटीला लागलो.

रिमोट बोलतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात. बहुतेक रिमोटांत हा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. संदेश असतो तो अशा लुकलुकत्या झोतांच्या आणि मधल्या शांततेच्या कालमानात. एनईसी या प्रचलित पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा झोत, मग साडेचार मिलिसेकंद शांतता आणि त्यानंतर ३२ बिट. प्रत्येक बिट शून्य की एक, हे त्यामागच्या शांततेच्या लांबीवरून ठरतं. लघु-गुरू मोजणाऱ्यांना हे परकं वाटू नये!

लिनक्सवर याचा अर्थ लावते ती एलआयआरसी ही सेवा. माझ्याकडे ती सुरू होती, पण मुकी. बिघाड शोधायचा तो रिमोटपासून क्रमाने. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर बटण दाबलं, जांभळट ठिपका दिसला. रिमोट जिवंत होता. मग ‘मोड-टू’ हा प्रोग्राम चालवला. तो झोत आणि शांतता यांची मापं जशीच्या तशी दाखवतो. काहीच उमटेना. दोन रात्री मी तारा तपासत बसलो. दोष होता मी वाचलेल्या जुन्या सूचनांत. त्यांतला ‘लिर्क-आरपीआय’ हा ड्रायव्हर लिनक्स ४.१९ पासून गेला, त्याजागी ‘जीपीआयओ-आयआर’ आला. स्क्रीनवर मात्र तक्रारीचा एक शब्द नव्हता.

तो बदल करताच मापं धावू लागली. तरी ‘आयआर-डब्ल्यू’ गप्प. त्यात बटणांची नावं दिसायला हवी होती. म्हणजे झोत पोहोचत होते, अर्थ लागत नव्हता. ‘आयआर-रेकॉर्ड’ने एकेक बटण दाबून या रिमोटचा शब्दकोश नव्याने तयार केला, तेव्हा नावं आली.

आईने ‘पुढे’ दाबलं आणि पाच पदं एकदम सरकली. ती बटण दाबून धरते आणि तेवढ्या वेळात रिमोट दर १०८ मिलिसेकंदांनी पुनरुक्तीची खूण पाठवत राहतो. त्या बटणाची पुनरुक्ती शून्य केली. आवाजाच्या बटणांची तशीच ठेवली.