पाच किलोमीटरने काय बिघडते?

रस्त्याच्या कडेला खांबावर एक गोल पांढरी पाटी असते. तिला लाल कडा आणि मध्ये एक आकडा. ८०, ६०, ४०. हा आकडा कसा ठरतो, तो का बदलतो आणि तो थोडासा ओलांडला तर सरकारने किती कठोर व्हावे, हे आज आपण पाहणार आहोत. 'थोडासा' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. बेफाम गाडी हाकणाऱ्याला शिक्षा व्हावी याबद्दल दुमत नसते. वाद होतो तो ८० च्या जागी ८५ ने जाणाऱ्या साध्यासुध्या माणसाबद्दल.

हा वाद अगदी रस्त्यावर येऊन लढला गेला तो फ्रान्समध्ये. म्हणून आधी तिकडे जाऊ.

१९७२ साली फ्रान्समध्ये रस्ते अपघातांत साडेसोळा हजारांहून अधिक माणसे मेली. आकडा मोठा आहे, पण नुसत्या आकड्याने माणूस हलत नाही. दक्षिण फ्रान्समध्ये माझामे नावाचे एक गाव आहे. त्याची लोकसंख्या तेव्हा जवळजवळ तेवढीच होती. म्हणजे एका वर्षात एक अख्खे गाव नाहीसे झाले होते! १७ मे १९७३ रोजी या गावातले लोक घराबाहेर आले आणि काही मिनिटे रस्त्यांवर, पदपथांवर प्रेतासारखे पडून राहिले. टेलिव्हिजनने ते दृश्य देशभर दाखवले. त्याच वर्षी शहराबाहेरच्या रस्त्यांवर वेगाला सरसकट मर्यादा आली. पुढे तेलटंचाईमुळे ती आणखी कडक झाली. १९७४ च्या अखेरीस मोटरवेवर ताशी १३० आणि साध्या रस्त्यांवर ९० किलोमीटर हे आकडे पक्के झाले.

पण पाटी लावली म्हणून कोणी वेग कमी करत नाही. पाटीमागे धाक लागतो. १ जुलै १९९२ पासून तिथे गुणांचे लायसन्स आले. चालकाच्या खात्यावर बारा गुण असतात. चूक केली की गुण कापले जातात आणि सगळे संपले की लायसन्स जाते. ट्रकचालकांनी त्या उन्हाळ्यात देशभर रस्ते अडवले, पण कायदा टिकला. २००३ च्या अखेरीस आपोआप फोटो काढणारे स्पीड कॅमेरे आले. २००२ मध्ये सात हजारांवर असलेले मृत्यू २०१३ पर्यंत साडेतीन हजारांच्या खाली आले. पुढे मात्र आकडा तिथेच अडकून बसला.

तेव्हा पंतप्रधान एदुआर फिलीप यांच्या सरकारने एक निर्णय घेतला. ज्या दुहेरी रस्त्यांना मध्ये दुभाजक नाही, तिथली मर्यादा १ जुलै २०१८ पासून ९० वरून ८० वर आणली. असे रस्ते सुमारे चार लाख किलोमीटर भरतात आणि निम्म्याहून अधिक मृत्यू शहराबाहेरच्या अशाच रस्त्यांवर होत होते.

तुम्ही म्हणाल, दहा किलोमीटरने असा काय फरक पडतो? आपण साधे गणित करून पाहू. समोर अचानक कोणी आले तर ब्रेकवर पाय पडायला साधारण एक सेकंद जातो. ताशी ८० च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तर आणखी ३५ मीटरवर ती थांबते. एकूण ५७ मीटर. आता तीच गाडी ९० ने येत आहे असे समजा. जिथे ८० ची गाडी थांबली, त्याच जागी या गाडीचा वेग अजून ताशी ४७ च्या आसपास असतो. आणि ८५ ने येत असेल तर? तर ताशी सुमारे ३३. म्हणजे ८० वाला ज्या मुलाच्या पुढ्यात येऊन थांबला, त्याच मुलाला ८५ वाला ताशी ३३ च्या वेगाने धडक देतो. काट्यावर फरक पाचाचा, धडकेत तेहतिसाचा! याचे कारण असे की गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि वेग उतरतो तो मुख्यतः शेवटच्या काही मीटरमध्ये.

हीच गोष्ट साऱ्या रस्त्याला लागू आहे. गोरान निल्सन या स्वीडिश अभ्यासकाने वेग आणि अपघात यांचे नाते सूत्रात मांडले. त्यानुसार रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघात सुमारे चार टक्क्यांनी वाढतात. म्हणजे प्रत्येकाने 'थोडासाच' वेग वाढवला, तरी त्याची किंमत कोणीतरी मोजतोच.

गणित इतके स्पष्ट असताना फ्रान्समध्ये लोक भडकले का? कारण प्रश्न गणितापुरता नव्हता. पॅरिसच्या माणसाला मेट्रो आहे. खेड्यातली परिचारिका, शेतकरी, फिरता विक्रेता यांना गाडीशिवाय गत्यंतर नाही. त्यांना वाटले, नियम करणारे राजधानीत बसतात आणि दंड आम्ही भरतो. त्यात कॅमेऱ्याचा हिशेब होता. कॅमेऱ्याची चूक गृहीत धरून ताशी शंभरच्या आत पाच किलोमीटरची सूट मिळते. कॅमेऱ्याने ८६ टिपले तर कागदावर ८१ धरले जातात. पण त्या एका जादा किलोमीटरलाही ६८ युरो दंड, म्हणजे आपल्या हिशेबाने सहा हजार रुपयांच्या वर, आणि शिवाय एक गुण वजा. रोज शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवणाऱ्याचे असे गुण गळत गेले तर लायसन्स जाणार आणि लायसन्सबरोबर नोकरीही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनावरील करावरून 'पिवळ्या जाकिटां'चे आंदोलन पेटले. त्यात वेगमर्यादेचा रागही मिसळला. जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या गृहमंत्र्यांनीच सांगितले की, देशातले जवळपास साठ टक्के स्पीड कॅमेरे रंग फासून, जाळून किंवा फोडून निकामी केले गेले आहेत.

सरकारला दोन पावले मागे यावे लागले. डिसेंबर २०१९ च्या कायद्याने आपल्या जिल्हा परिषदांसारख्या तिथल्या स्थानिक संस्थांना, ठरावीक रस्त्यांवर पुन्हा ९० करण्याची मुभा मिळाली. अनेकांनी ती वापरली. पुढच्याच वर्षी, जुलै २०२० मध्ये, सरकारी अभ्यासाचा अहवाल आला. वीस महिन्यांत सुमारे साडेतीनशे जीव वाचले होते. सरासरी वेग ताशी तीन किलोमीटरहून थोडा अधिक उतरला होता. आणि प्रवासाचा वेळ किती वाढला? एका किलोमीटरला सरासरी एक सेकंद. वीस किलोमीटरवरच्या कामाच्या जागी पोहोचायला वीस सेकंद उशीर. लोकांना मात्र तो फार मोठा वाटत होता.

दुसरे पाऊल दंडाबाबतचे. कॅमेऱ्यांच्या चलानांपैकी निम्म्याहून अधिक चलाने मर्यादा पाच किलोमीटरपेक्षाही कमी ओलांडणाऱ्यांची होती. १ जानेवारी २०२४ पासून अशांचा गुण कापणे बंद झाले. रस्त्यावरील बळींसाठी लढणाऱ्या संघटनांनी याला विरोध केला. त्यांचे म्हणणे, यातून 'पाच चालतात' असा संदेश जातो. सरकारचे म्हणणे, दंड कायम आहे, फक्त क्षुल्लक चुकीपायी कोणाची भाकरी जाऊ नये. त्यापुढची उतरंड शाबूत आहे. वीसच्या आत एक गुण, मग दोन, तीन, चार आणि पन्नास किंवा त्याहून अधिक असेल तर एकदम सहा.

आता आपल्याकडे वळू. ज्या २०१८ साली फ्रान्सने मर्यादा उतरवली, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या केंद्र सरकारने ती चढवली. द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १२० पर्यंत परवानगी दिली. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. न्यायालयाचा मुद्दा हाच होता की, वेग वाढला की मृत्यू वाढतात. दंडाचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या १८३ व्या कलमात पहिल्या गुन्ह्याला चारशे रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो हलक्या वाहनांना एक ते दोन हजार, मध्यम आणि जड वाहनांना दोन ते चार हजार झाला. महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. २०२४ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांचे जाळे सुरू झाले आणि मोबाइलवर ई-चलान येणे ही घरोघरची गोष्ट झाली.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या १८३ व्या कलमात दंडाचे टप्पे वाहनाच्या प्रकारावरून आहेत, वेग किती ओलांडला यावरून नाहीत. धोकादायकरीत्या वाहन चालवण्याचे कलम वेगळे आहे, ते लावता येते. पण निव्वळ वेगाच्या कलमात दहाने चुकणारा आणि पन्नासने चुकणारा एकाच ओळीत उभे राहतात. पहिल्याला वाटते, माझ्यावर अन्याय झाला. दुसऱ्याला वाटते, दोन हजारात सुटलो. दोघांच्याही मनातला कायद्याचा धाक त्याने कमीच होतो.

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. सरकारी नोंदीनुसार त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग होते. माझामेएवढी दहा गावे एका वर्षात! मर्यादा किती असावी हे भौतिकशास्त्राला विचारावे लागेल आणि तिथे सवलत नाही. दंड किती असावा हे मात्र माणसांना विचारावे लागेल, कारण जो दंड न्याय्य वाटत नाही, तो भरूनही माणूस सुधारत नाही. पाच किलोमीटरला लहान दंड हवा, पण तो चुकता कामा नये. पन्नास किलोमीटरला मोठी शिक्षा हवी आणि मर्यादा बदलली की पाटी वेळेवर आणि दिसेल अशा जागी हवी. एवढे झाले, तर उरलेले काम गाडी चालवणाऱ्याचे आहे. किलोमीटरमागे एक सेकंद एवढाच त्याचा खर्च आहे.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)