ड्रायव्हरची निरोपाची रीत

कळंबच्या किनाऱ्यावर टिपलेली छायाचित्रे उतरवली जात असतानाच कुणी पेनड्राइव्ह उपसला, तर लिनक्सच्या कर्नलपुढे पेच उभा राहतो. उपकरण गेले, पण फाइल उघडीच! ड्रायव्हरने त्याच क्षणी आपली मेमरी मोकळी केली, तर ती जागा दुसऱ्या कामाकडे जाते आणि जुना प्रोग्राम तेथेच लिहीत राहतो. सारी यंत्रणा कोसळू शकते. म्हणून आधी नव्या मागण्या बंद, मग इंटरप्ट व टायमर थांबवायचे. सामायिक मेमरी मात्र शेवटचा वापरकर्ता दूर झाल्यावरच सोडायची. हा क्रम चुकणे हा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा जुनाच दोष. २००५ मधील २.६.१३ आवृत्तीपासून ‘अनबाइंड’ फाइलमध्ये उपकरणाचे नाव लिहून ही फारकत हातानेही घडवता येते. तेव्हाही ड्रायव्हरला नकाराधिकार नसतो.