नेमबाजीची पहिली स्पर्धा : बंदूक नंतर, शिस्त आधी

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळण्यासाठी तब्बल ७२ वर्षे जावी लागली. असे यश दिसले की शूटिंग रेंजच्या दारात नवी मुले आणि त्यांचे पालक येऊ लागतात. त्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. बंदूक कोणती घ्यायची? परवाना लागतो का? किती खर्च येतो? आणि मुख्य म्हणजे, स्पर्धेत उतरायचे तर सुरुवात नेमकी कुठून करायची?

या प्रश्नांची नीट उत्तरे मिळण्यापूर्वीच अनेक घरांत मोठी रक्कम खर्च होते. काही महिन्यांतच मुलाचा उत्साह ओसरला, तर महागडी रायफल कपाटात पडून राहते. दुसरीकडे, हा खेळ केवळ श्रीमंतांचा आहे असे गृहीत धरून गुणी मुले रेंजची पायरीही चढत नाहीत. दोन्ही चुका टाळता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी या खेळाची रचना आधी समजून घेणे आवश्यक आहे.

सुरुवात दहा मीटरवरून

नेमबाजीत रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशा तीन प्रमुख शाखा आहेत. नवोदिताचा प्रवास बहुधा १० मीटर एअर रायफल किंवा १० मीटर एअर पिस्तूल या प्रकारांपासून सुरू होतो. यात दारूगोळा नसतो. दाबाखालील हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा लक्ष्यावर झाडला जातो. बंदिस्त सभागृहात सराव होतो, आवाज कमी असतो आणि खर्चही काडतुसांच्या तुलनेत पुष्कळ कमी येतो. स्वप्नीलला पदक मिळवून देणाऱ्या ५० मीटर प्रकारात .२२ बोअरची रायफल वापरली जाते. तेथे गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून प्रत्येकी २० असे ६० नेम साधावे लागतात. तो पुढचा टप्पा आहे. दहा मीटरवर हात आणि मन स्थिरावल्यानंतरच त्याचा विचार करणे श्रेयस्कर.

रायफल की पिस्तूल, हा निर्णयही घाईने घेऊ नये. एअर रायफलचे वजन जास्तीत जास्त ५.५ किलो असू शकते आणि ती उभ्याने, दोन्ही हातांनी व खांद्याच्या आधाराने धरावी लागते. एअर पिस्तुलाची मर्यादा दीड किलोची असली, तरी ते एकाच हाताने, हात पूर्ण लांब करून धरायचे असते. काही आठवडे दोन्ही हाताळून पाहिल्यावर प्रशिक्षकाच्या मदतीने निवड केलेली बरी.

चष्मा असणे हा अडथळा नाही. नेमबाजांसाठी वेगळी फ्रेम आणि भिंग मिळते. मात्र प्रबळ डोळा कोणता, हे पहिल्याच दिवशी तपासावे. दोन्ही तळहात जोडून मध्ये लहानसे भोक ठेवावे, त्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहावी आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते, तो प्रबळ. उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा डोळा प्रबळ असेल, तर बंदूक कोणत्या बाजूला धरायची हे सुरुवातीलाच ठरवावे लागते.

अर्ध्या मिलिमीटरचे गणित

एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. संपूर्ण लक्ष्याचा व्यास ४५.५ मिलिमीटर, म्हणजे चहाच्या लहान कपाच्या तोंडाहूनही कमी. दोन वर्तुळांतील अंतर २.५ मिलिमीटर असते. नळीच्या टोकावरील साईट आणि डोळ्याजवळची साईट यांत ८० सेंटिमीटर अंतर असेल, तर पुढचे टोक केवळ ०.२ मिलिमीटरने हलले तरी दहा मीटरवर छर्रा २.५ मिलिमीटरने सरकतो आणि पूर्ण एक गुण हातचा जातो. नाडीचा ठोका, श्वास, चाप ओढताना बोटाला बसलेला हिसका यांपैकी कोणतेही कारण त्याला पुरेसे ठरते. म्हणूनच प्रशिक्षक पहिले कित्येक दिवस गुणांकडे लक्ष देऊ देत नाहीत. पायांतील अंतर, शरीराचा तोल, श्वासाची लय आणि चाप हळुवार ओढणे यांवरच त्यांचा भर असतो.

वरिष्ठ गटात एअर रायफल व एअर पिस्तूल या दोन्ही प्रकारांत ६० नेम असतात. महिलांसाठी पूर्वी ४० नेम असत. २०१८ पासून त्यांनाही ६० नेम लागू झाले. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर ७५ मिनिटे, तर कागदी लक्ष्यावर ९० मिनिटे मिळतात. त्याआधी तयारी आणि चाचणी नेमांसाठी १५ मिनिटे दिली जातात. रायफलमध्ये गुण दशांशांत मोजले जातात. एका नेमाला कमाल १०.९, म्हणजे ६० नेमांना ६५४ गुण. पिस्तुलात पूर्णांकांत मोजणी होते आणि कमाल गुण ६०० असतात.

हे गणित स्वतःची पातळी जोखण्यासाठी उपयोगी पडते. रायफलमध्ये सरासरी ९ गुणांचा नेम साधणाऱ्याची बेरीज ५४० होते, सरासरी १० असेल तर ६००. पॅरिसमध्ये अर्जुन बबुताने पात्रता फेरीत ६३०.१ गुण मिळवले, म्हणजे प्रत्येक नेमाची सरासरी साडेदहाच्या वर राहिली. तरीही त्या फेरीत तो सातवा होता आणि अंतिम फेरीत त्याचे पदक एका स्थानाने हुकले. यावरून वरच्या पातळीवर किती सूक्ष्म फरकाने निकाल लागतात याची कल्पना यावी.

कायदा काय सांगतो

शस्त्रास्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेली एअरगन बाळगण्यास शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर रायफल व एअर पिस्तुलाची ऊर्जा त्याहून बरीच कमी असते. तरीही खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी, ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा द्यावा आणि पावती जपून ठेवावी. स्पर्धेला जाताना रायफल पेटीत बंद असावी व पावती सोबत बाळगावी. .२२ रायफल किंवा पिस्तूल मात्र शस्त्रास्त्र कायदा, १९५९ अंतर्गत अग्निशस्त्र ठरते. त्यासाठी परवाना किंवा रायफल क्लबच्या चौकटीतील प्रशिक्षण हाच मार्ग आहे.

परवाना लागत नाही म्हणून एअरगन खेळणे ठरत नाही. तिचा छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो. गच्चीवरून किंवा अंगणात नेम धरणे धोक्याचे आहे आणि त्यातून कुणाला इजा झाल्यास फौजदारी कारवाई होऊ शकते. संरक्षित पक्ष्यांवर छर्रा झाडणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

रेंजवरील शिस्त

रेंजवर गुणवत्तेच्या आधी सुरक्षितता पाहिली जाते. नळीचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेने असावे. नेम धरेपर्यंत बोट चापावर नसावे. बंदूक खाली ठेवताना ती रिकामी असल्याचे दाखवणारा रंगीत दोरा, म्हणजे सेफ्टी फ्लॅग, नळीत घातलेला असावा. पंचाने ‘स्टॉप’ म्हटले की त्या क्षणी थांबायचे. लक्ष्यरेषेच्या पुढे कुणी असताना बंदुकीला हातही लावायचा नाही. हे नियम मोडणाऱ्याला स्पर्धेतून बाद करण्याचा अधिकार पंचांना असतो.

हवेच्या सिलिंडरकडे नवोदितांचे हमखास दुर्लक्ष होते. त्यात सुमारे २०० बार दाबाने हवा भरलेली असते आणि त्याची मुदत साधारणपणे १० वर्षांची असते. जुनी बंदूक स्वस्तात मिळाली म्हणून घेताना सिलिंडरवरील तारीख आवर्जून पाहावी. मुदत उलटलेले सिलिंडर वापरणे जिवावर बेतू शकते. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, ही सवयही पहिल्या दिवसापासून लावावी.

खर्चाचा हिशेब

सुरुवातीला बंदूक विकत घेण्याची गरज नसते. बहुतेक क्लबमध्ये शुल्क भरून क्लबचीच रायफल वा पिस्तूल वापरता येते. पहिले काही महिने, शक्य तर पहिली स्पर्धाही, त्याच बंदुकीवर खेळावी. भारतीय बनावटीच्या प्राथमिक एअर रायफली काही हजार रुपयांपासून मिळतात. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या विदेशी रायफलीची किंमत दोन लाखांच्या पुढे जाते. शिवाय रायफल नेमबाजाला जाड जॅकेट, पँट, बूट आणि हातमोजा लागतो. पिस्तुलासाठी हा पोशाख लागत नसल्याने मर्यादित ऐपतीच्या कुटुंबाला तो प्रकार तुलनेने परवडतो.

एकरकमी खर्चापेक्षा चालू खर्च पालकांना अधिक जाचतो. छर्रे सहसा ५०० च्या डब्यात मिळतात. रोज १०० नेमांचा सराव केला, तर डबा पाच दिवसांत संपतो. त्यात रेंजचे शुल्क, प्रशिक्षकाचे मानधन, प्रवेश शुल्क आणि परगावच्या स्पर्धांचा प्रवास मिळवावा लागतो. म्हणून बंदूक घेण्यापूर्वी संपूर्ण वर्षाचा हिशेब कागदावर मांडणे शहाणपणाचे ठरते. कर्ज काढून साधने घेण्याची वेळ येत असेल, तर आधी मुलाच्या गुणांचा वर्षभराचा आलेख पाहावा आणि प्रशिक्षकाशी स्पष्ट बोलावे.

खर्च कमी करण्याचा उत्तम उपाय म्हणजे छर्ऱ्याविना सराव. भिंतीवर काळा ठिपका लावून रिकाम्या बंदुकीने उभे राहायचे, नेम धरायचा आणि चाप ओढताना साईट हलते का हे पाहायचे. मात्र घरी असा सराव करताना बंदूक रिकामी असल्याची खात्री प्रत्येक वेळी करावी आणि मोठ्या माणसाने समोर असावे. प्रत्येक सत्राची नोंदवही ठेवावी. त्यात गुणांसोबत झोप, आहार आणि मनःस्थितीही लिहावी. कुठे चुकते हे सहा महिन्यांनी ती वहीच सांगते.

स्पर्धांची शिडी

पहिल्या स्पर्धेसाठी तीन दारे उघडी असतात. शाळकरी मुलांसाठी क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग व राज्य या क्रमाने होतात. त्यात ओपन साईट, पीप साईट आणि पिस्तूल असे गट असतात. खाच आणि काटी जुळवून नेम धरायची ओपन साईट स्वस्त असल्याने ग्रामीण भागातील मुलांना ती सोयीची पडते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय छात्रसेनेचा मार्ग आहे. सिडनी ऑलिम्पिकमध्ये २००० साली अंतिम फेरी गाठणाऱ्या अंजली भागवत यांची सुरुवात छात्रसेनेतूनच झाली. तिसरे दार जिल्हा रायफल असोसिएशन किंवा क्लबच्या स्पर्धांचे.

पुढे राज्य स्पर्धा येते. मुंबईतील वरळी येथे महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे आणि राज्यातील नेमबाजांना कॅप्टन इझिकेल स्मृती स्पर्धा परिचित आहे. पुण्यात बालेवाडीची शिवछत्रपती क्रीडानगरी हे मोठे केंद्र आहे. राज्य पातळीवर ठरावीक गुण मिळवणाऱ्याला प्री-नॅशनल आणि नंतर राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळतो. हे पात्रता गुण गट व प्रकारानुसार जाहीर होतात. ते त्या-त्या वर्षाच्या परिपत्रकातच पाहावेत. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना १९५१ मध्ये झाली. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाची अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा नेमबाजांच्या अनेक पिढ्यांना राष्ट्रीय पातळीवर घेऊन गेली.

या शिडीवरून महाराष्ट्राचे अनेक जण वर गेले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता ठरला. कोल्हापूरचाच स्वरूप उन्हाळकर २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये चौथा आला. शारीरिक अपंगत्व असलेल्यांसाठीही हा खेळ खुला आहे, हे त्यातून लक्षात घ्यावे.

पहिल्या दिवशी काय अपेक्षावे

पहिल्या स्पर्धेत सरावापेक्षा गुण कमी येतात, हे जवळपास सर्वच नवोदितांच्या बाबतीत घडते. हृदयाचे ठोके वाढतात, वेळेचे भान सुटते. कधी शेजाऱ्याच्या लक्ष्यावरच छर्रा जातो आणि तो नेम शून्य धरला जातो. म्हणून तासभर आधी पोहोचावे, साधनांची तपासणी वेळेत करून घ्यावी, आपल्या मार्गिकेचा क्रमांक दोनदा पाहावा आणि चाचणी नेमांची पंधरा मिनिटे घाईत संपवू नयेत. एखादा नेम बिघडला तर बंदूक खाली ठेवून दोन श्वास घ्यावेत. ७५ मिनिटांत ६० नेम म्हणजे प्रत्येकी सव्वा मिनिट. थांबायला पुरेसा अवकाश असतो.

पालकांनी निकालफलकापाशी पहिला प्रश्न ‘कितवा आलास?’ असा विचारू नये, असे प्रशिक्षक कळकळीने सांगतात. महाराष्ट्रात खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण आणि शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. पण केवळ त्यासाठी मुलाला रेंजवर ढकलले, तर तो खेळ त्याचा होत नाही. वर्षभर नियमित सराव करूनही मुलगा पदकापर्यंत पोहोचला नाही, तरी शांत उभे राहणे, सूचना पाळणे आणि स्वतःची चूक स्वतः नोंदवणे हे तो शिकलेला असतो. मोठ्या खर्चाचा निर्णय त्यानंतर घेतला, तर तो अंदाजाने घ्यावा लागत नाही. समोर नोंदवही असते.