चकतीचा चेंडू

पडद्यावर एकाच रंगानं वर्तुळ भरलं की दिसते चकती. तिचा चेंडू होतो तो उजेडामुळे. चित्रकलेची आणि इंजिनिअरिंगची मुलं एकत्र बसलेल्या वर्गात कॉम्प्युटर ग्राफिक्सची सुरुवात म्हणूनच उजेडापासून करावी.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला स्थिरचित्र काढलेला मुलगा मडक्याची दिव्याकडची बाजू कोरी ठेवतो आणि कडेकडे जाताना पेन्सिल दाबत नेतो. शेजारच्या मुलीला सदिशांचा डॉट प्रॉडक्ट तोंडपाठ असतो. त्याचं करायचं काय, हे मात्र बारावीपासून कुणी सांगितलेलं नसतं. दोघांना येतं ते एकच, पण त्यांना पत्ता नसतो!

पृष्ठभागावर एका जागी टाचणी सरळ उभी टोचली आहे असं समजा. ती थेट दिव्याकडे रोखलेली असेल तर तिथं पूर्ण उजेड. ६० अंशांनी कलली की निम्मा, कारण तोच झोत दुप्पट जागेवर पसरतो. ९० अंशांना शून्य. योहान लॅम्बर्टनं १७६० मध्ये मांडलेला हा कोसाइनचा नियम. टाचणीची दिशा आणि दिव्याची दिशा यांचा डॉट प्रॉडक्ट काढला की छटा मिळाली: तीन गुणाकार, दोन बेरजा. फुल एचडी पडद्यावर २० लाखांहून जास्त पिक्सेल असतात आणि गेम चालू असताना हा हिशेब अनेकदा सेकंदाला ६० वेळा होतो. मुलाचा हात तोच अंदाजानं करत होता.

पुढची पायरी अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठातली. १९७१ मध्ये आंरी गुरोनं पत्नी सिल्वीच्या चेहऱ्यावर रेघा आखून त्याचं संगणकी रूप बनवलं. सपाट तुकड्यांचा चेहरा पैलू पाडल्यासारखा दिसे; गुरोनं छटा फक्त कोपऱ्यांवर मोजली आणि मधली जागा हळूहळू बदलत भरली. चित्रकार बोटानं शेडिंग घासतात, तेच. (चकाकीचा ठिपका आणला तो तिथल्याच बुई तुओंग फोंगनं.)

मग मुलगा अडवतो. "मडक्याची अंधारी बाजू अशी काळीकुट्ट? टेबलावरून उलटून आलेला उजेड कुठंय?" शंका अचूक आहे. आधी सगळीकडे थोडा ठरावीक उजेड मिसळून वेळ मारून नेत. १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या मंडळींनी खोलीतल्या पृष्ठभागांचे लहान तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा इतरांना किती उजेड देतो ते लिहून काढलं. रंगीत भिंतीची झाक शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर उतरली! तुकडे जितके, तितकी समीकरणं, सगळी एकदम सोडवायची. आणि समीकरणं म्हणजे मुलीच्या हातचा मळ.