स्यूडोएफेड्रिन : सर्दीच्या गोळीतील द्रव्य आणि वैद्याची सावधता

प्रस्तावना

वर्षाऋतूत व शिशिरात प्रतिश्यायाचे रुग्ण आपल्या चिकित्सालयांत मोठ्या संख्येने येतात. त्यांपैकी अनेकांनी तत्पूर्वीच औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी आणून घेतलेली असते. रुग्णाच्या लेखी ती ‘साधी गोळी’ असल्याने विचारल्याखेरीज तो तिचा उल्लेख करीत नाही. या गोळ्यांत योजिल्या जाणाऱ्या स्यूडोएफेड्रिन या नासावरोधहर द्रव्याचा परिचय वैद्यास का असावा, हे येथे पाहावयाचे आहे.

उगम

हे द्रव्य मुळात वनस्पतिज आहे. चिनी वैद्यकातील ‘मा हुआंग’ या एफेड्रा वंशातील वनस्पतीपासून जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये एफेड्रिन वेगळे केले. स्यूडोएफेड्रिनमध्ये अणू तेच, मात्र त्यांची अवकाशातील मांडणी भिन्न असते. हिमालयाच्या उंच, रुक्ष प्रदेशात आढळणाऱ्या एफेड्रा जेरार्डियाना या जातीस आपल्याकडे सोमलता म्हणतात. वेदोक्त सोम तो हाच की अन्य, हा वाद निराळा.

कार्मुकता

स्यूडोएफेड्रिन मुख्यत्वे चेतातंतूंच्या अग्रांतून नॉरएड्रिनॅलिन मुक्त करते. त्यायोगे नासागत रक्तवाहिन्यांचा संकोच होतो, श्लेष्मल त्वचेचा शोथ उतरतो व श्वासमार्ग मोकळा होतो. परंतु मुखावाटे घेतलेले औषध केवळ नाकापुरते राहत नाही. हृदय, सर्व शरीरातील रक्तवाहिन्या, मूत्राशयाचे मुख व मस्तिष्क यांवरही त्याचा प्रभाव पडतो.

प्रौढ मात्रा ४ ते ६ तासांनी ६० मिलिग्रॅम असून दिवसाची मर्यादा २४० मिलिग्रॅम आहे. सर्दी, अनूर्जताजन्य प्रतिश्याय व नाकालगतच्या अस्थिविवरांतील अवरोध यांत ते लाक्षणिक आराम देते. व्याधीचे मूळ त्याने जात नाही.

मूत्राचा विचार

या द्रव्याचा बराच अंश अपरिवर्तित रूपात मूत्रावाटे बाहेर पडतो. मूत्राचा पीएच ५ असता त्याचे अर्धायुष्य ३ ते ६ तास असते. पीएच ८ झाल्यास ते ९ ते १६ तासांपर्यंत वाढते. म्हणजे क्षारीय मूत्रात औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते.

आता साठीपुढील, पौरुष ग्रंथीची वृद्धी असलेला रुग्ण डोळ्यांपुढे आणावा. सर्दीची गोळी घेतल्यावर त्याची मूत्रप्रवृत्ती अडखळते, निद्रा जाते, हृदयात धडधड होते. ही लक्षणे पाहून वातप्रकोपजन्य मूत्राघाताचे निदान करणे सोपे आहे. त्यावर यवक्षारासारखा क्षार योजिला आणि गोळीही चालूच राहिली, तर मूत्र क्षारीय होऊन मूळ कारणच दीर्घकाळ टिकण्याचा संभव निर्माण होतो. येथे निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा होय. गोळी थांबवावी आणि मूत्र पूर्णतः अडल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

निषेध व सावधता

तीव्र वा अनियंत्रित उच्च रक्तदाब, गंभीर हृद्रोग वा वृक्कविकार, अरुंद कोनाचा काचबिंदू, मूत्रावरोध, तसेच एमएओ-रोधक औषधे चालू असता वा थांबवून १४ दिवस झाले नसता हे द्रव्य वर्ज्य आहे. थायरॉइडचे आधिक्य व मधुमेह यांतही जपावे. सोमलतेचे योग सोबत देऊ नयेत, कारण द्रव्य तेच आहे. यष्टिमधूचा दीर्घकाल, अधिक मात्रेत वापर रक्तदाब वाढवितो, हेही स्मरणात ठेवावे.

याच वर्गातील फेनिलप्रोपॅनोलॅमिनचा मस्तिष्कातील रक्तस्रावाशी संबंध २००० मध्ये अमेरिकेतील अभ्यासात दिसून आला. भारतात त्यावर २०११ मध्ये बंदी आली. अनेक गोळ्यांत आढळणारे फेनिलएफ्रिन मुखावाटे घेतल्यास नासावरोधावर परिणामकारक नाही, असे मत अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने दिले. अर्थात परिणाम नसला तरी ते निरुपद्रवी समजू नये.

उपसंहार

नव प्रतिश्यायात लंघन, स्वेदन व उष्ण-लघु आहाराने दोषांचे पाचन करावे आणि पक्वावस्थेत शिरोविरेचन योजावे, हा आपला क्रम सुपरिचित आहे. त्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘सर्दीसाठी कोणती गोळी घेतलीत? वेष्टन आणले आहे का?’ वेष्टनावरील घटकद्रव्ये वाचण्यास अर्धा मिनिट लागतो. नाडीपरीक्षेइतकीच ही परीक्षाही वैद्याने आपली मानावी.