वहीच्या मागच्या पानावरचा स्पायडरमॅन



मागच्या वर्षी चौथीच्या वह्या तपासताना एका वहीची मागची पंधरा-वीस पानं वेगळीच निघाली. पट्टीने आखलेल्या चौकटी, त्यात लाल-निळ्या कपड्यातला माणूस इमारतीवरून लोंबकळतोय, बाजूला जाड अक्षरात "धडाम!" मी वही ठेवून घेतली आणि आईला बोलावलं. ती बिचारी कामावरून तशीच आली. म्हणाली, "बाई, मोबाईलवर तेच, दप्तरावर तेच, आता वहीतपण तेच. मी काय करू सांगा." मुलगा वाचनात मागे होता, त्यामुळे मीही पटकन सांगून टाकलं, "ताई, बंद करा हे सगळं."

वही परत देण्याआधी सहज चाळली, तर प्रत्येक चौकटीतल्या फुग्यात वाक्यं होती. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता, पण वाक्यं पूर्ण होती. निबंधात तीन ओळींच्या पुढे न जाणाऱ्या मुलाने पंधरा पानं संवाद लिहिले होते. आपलं चुकलं हे तेव्हा कळलं. मग मीच जरा अभ्यासाला बसले.

स्पायडरमॅनची पहिली गोष्ट अमेरिकेत 'अमेझिंग फँटसी' या कॉमिकच्या १५ व्या अंकात आली. अंकावर तारीख ऑगस्ट १९६२ ची. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको. गोष्ट जेमतेम अकरा पानांची. न्यूयॉर्कमध्ये काका-काकूंकडे वाढलेला पीटर पार्कर हा अभ्यासू मुलगा, वर्गात त्याची चेष्टा होते. किरणोत्सर्गी कोळी चावतो आणि अंगात शक्ती येते. आता शक्ती आल्यावर तो काय करतो? कुणाला वाचवायला धावत नाही. कुस्ती लढतो, टीव्हीवर कसरती करतो, पैसे कमावतो. समोरून पळणारा चोर त्याला सहज अडवता आला असता, पण तो जाऊ देतो. पुढे त्याच चोराच्या हातून बेनकाकांचा जीव जातो. इतर नायक दुसऱ्यांच्या चुका निस्तरतात, हा स्वतःच्या चुकीपासून सुरू होतो. मुलांना तो 'आपल्यातला' का वाटतो, हे मला इथे समजलं. खिडकी फोडून गप्प बसलेलं मूल कुठल्या वर्गात नसतं?

हीच गोष्ट पुढे अनेकदा नव्याने सांगितली गेली आणि दरवेळी थोडी बदलली. मूळ कॉमिकमध्ये पीटर जाळं सोडायचं यंत्र स्वतः बनवतो. २००२ च्या सिनेमात जाळं थेट मनगटातून येतं. कॉमिकमध्ये काकांचा खून घरात होतो, सिनेमात रस्त्यावर. शक्तीबरोबर जबाबदारी येते, हे सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य पहिल्या अंकात काकांच्या तोंडी नाहीच, ते शेवटच्या चौकटीत निवेदकाचं आहे. २००२ मध्ये ते काकांकडे आलं, २०२१ च्या सिनेमात काकूकडे. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा दोन मुलं भांडायलाच उठली. "बाई, खरं कुठलं मग?" हाच प्रश्न मला हवा होता. रामायणाची गोष्ट आजी एक सांगते आणि टीव्हीवर थोडी वेगळी दिसते, तेव्हा आपण काय करतो? दोन्ही ऐकतो आणि फरक बोलून दाखवतो. तुलना म्हणतात ती हीच.

आता कॉमिक वाचताना नेमकं काय होतं ते पाहू, कारण 'चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे' असं आपल्यापैकी बरेच जण मानतात. (मीही मानत होते.) पहिल्या चौकटीत पीटर गच्चीच्या कडेला उभा, दुसऱ्या चौकटीत समोरच्या भिंतीला चिकटलेला. उडी कुठेच काढलेली नाही. ती दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत आहे आणि ती मुलाने मनात मारायची असते. अनुमान काढणं म्हणून आपण आकलनाच्या प्रश्नांत जे तपासतो, ते इथे पानापानाला घडतं. शिवाय फुग्यांची स्वतःची भाषा असते. साधा गोल फुगा बोलण्याचा, ढगासारखा मनातल्या विचाराचा, काटेरी कडांचा ओरडण्याचा. फुग्याची शेपटी ज्याच्याकडे, वाक्य त्याचं. अवतरण चिन्हं शिकवताना मी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला. फुग्यातलं वाक्य बाहेर काढून वहीत लिहायला लावलं, तर तो घटक एका तासात झाला.

सिनेमाचं तंत्र वेगळं. तिथे उडी आपल्याला दाखवली जाते, वेगही दिग्दर्शक ठरवतो. तरी २०१८ चा 'इन्टू द स्पायडर-व्हर्स' हा ऑस्कर मिळालेला ॲनिमेशनपट आपल्या कामाचा आहे. त्यातला नायक पीटर नाही, माइल्स मोरालेस नावाचा शाळकरी मुलगा आहे. कोळी चावल्यावर त्याचे विचार कॉमिकसारखे चौकोनी पट्ट्यांत पडद्यावर उमटू लागतात. सुरुवातीला माइल्सची हालचाल सेकंदाला चोवीसऐवजी बारा चित्रांत केली आहे, म्हणून तो नवशिका, अडखळणारा वाटतो. मुलांना हे आधी सांगा आणि मग दाखवा, एकदम शांत बसून बघतात. त्याचा २०२३ चा पुढचा भाग भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेलं शहर आहे आणि तिथला स्पायडरमॅन आहे पवित्र प्रभाकर. 'पीटर पार्कर' आणि 'पवित्र प्रभाकर' फळ्यावर शेजारी लिहा, अनुप्रास वेगळा शिकवावा लागणार नाही. हे पात्र मूळचं २००४ च्या भारतीय कॉमिकमधलं, धोतर नेसलेलं!

गेमबद्दल थोडक्यात. २०१८ च्या प्लेस्टेशनच्या गेममध्ये मुलगा स्वतः पीटर होऊन शहरभर झोके घेतो. मजा खरीच आहे. पण त्या गेमला अमेरिकेत १३ वर्षांपुढचं आणि युरोपात १६ वर्षांपुढचं मानांकन आहे. प्राथमिकच्या मुलाच्या हाती तो देऊ नये, असं माझं स्पष्ट मत. सिनेमांनाही आपल्याकडे आता यूए ७+, १३+, १६+ अशी वयाची खूण असते. पालकहो, पोस्टर बघता तशी ती खूणही बघत जा.

भीती मात्र जुनी आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तक लिहिलं, सिनेटच्या समितीसमोर सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांना स्वतःसाठी कडक नियमावली करावी लागली. २०१२ मध्ये कॅरल टिली या संशोधिकेने वर्थमची मूळ कागदपत्रं तपासली, तेव्हा त्याने नोंदींत फेरफार केल्याचं दिसून आलं. म्हणून काळजी सोडायची असं नाही. आमच्या लहानपणी 'शक्तिमान' बघून गोल फिरता फिरता मी स्वतः ओट्यावरून पडले आहे. उंचावरून उडी मारायची नाही, हे मुलाला सरळ शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगायचं. गोष्टच बंद केली तर तो ती चोरून बघणार आणि तेव्हा सांगायला शेजारी कुणी नसणार.

आणखी एक. कॉमिकवरच थांबू नका. त्यात वर्णन कमी असतं, लांब वाक्यं क्वचित. मी कॉमिकचं एक पान घेऊन त्याचा परिच्छेद करायला लावते: गच्ची कशी होती, वारा होता का, पीटरच्या पोटात काय होत होतं. मग हळूच भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुढे करते. धाडस तेच, चित्रं मुलाने मनात काढायची.

आता त्या वहीचं सांगते. पहिल्या अंकाची गोष्ट वर्गात सांगून मी फळ्यावर एक चौकट आखली. काकू टेबलाशी बसलेली, समोर पीटर, फुगा रिकामा. चोराला आपणच जाऊ दिलं हे पीटरने काकूला सांगावं का? (२००४ च्या सिनेमात तो सांगतो, पण हे मी मुद्दाम दडवलं.) बहुतेकांचं मत, "नको बाई, ती रडेल." आमच्या चित्रकाराने फुग्यात लिहिलं होतं, "काकू तो चोर मला दीसला होता." मग काकूचा फुगा, मग पुन्हा पीटरचा. तास संपला तरी तो लिहीत होता.

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेच्या फाटकाशी भेटली. म्हणाली, "बाई, काल रात्री वही मला वाचून दाखवली त्याने. अडखळत वाचलं, पण शेवटपर्यंत वाचलं." मग जरा थांबून विचारलं, "ते पुढचं पुस्तक कुठं मिळतं?"