माळवद, पत्रा की स्लॅब? संशोधनाचा प्रश्न कसा धरायचा

‘आरोग्यदायी, शाश्वत आणि हवामानबदलात टिकणारी घरं’ असा विषय प्रस्तावात लिहिणं सोपं असतं. पण हे तीन गुण नेहमी एकाच दिशेने ओढत नाहीत. तुमचा संशोधनाचा प्रश्न नेमका या ओढाताणीत सापडतो.

घनसावंगी तालुक्यातलं कुंभार पिंपळगाव किंवा मराठवाड्यातलं कुठलंही गाव घ्या. इथलं जुनं घर म्हणजे जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. दीड फुटी मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला दहा तासांहून जास्त वेळ लागतो. तोवर बाहेर रात्र झालेली असते. याला ‘टाइम लॅग’ म्हणतात. पाच इंची स्लॅबचा लॅग तीन-चार तासांचाच, म्हणून संध्याकाळीही छत धगधगत असतं. पत्रा लगेच तापतो, पण सूर्य मावळला की लवकर निवतो.

मग माळवदच चांगलं? थांबा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली सापडून. उन्हापासून वाचवणारं वजनच जिवावर उठलं. शिवाय गळू नये म्हणून माळवदाची वरचेवर डागडुजी करावी लागते. लोकांनी हलका पत्रा निवडला, त्यामागे कारणं आहेत.

म्हणून ‘कोणतं छत उत्तम?’ असं विचारू नका. ‘छत हलकंच ठेवून आतली उष्णता किती कमी करता येईल?’ असं विचारा. आता तुलना करता येते: पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग, किंवा पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून दुसरं छत. खर्च आणि टिकाऊपणाही त्याच तक्त्यात मांडा.

मोजताना काय सांभाळाल?

1. हवामान खात्याचा आकडा बाहेरच्या सावलीतल्या हवेचा असतो. घरात स्वतंत्र नोंद हवीच.
2. तापलेला पत्रा अंगावर उष्णता फेकतो, ती साध्या तापमापकात नीट दिसत नाही. काळ्या गोळ्याचा ग्लोब थर्मामीटर लावा.
3. आर्द्रता नोंदवा. घाम सुकला नाही तर शरीर निवत नाही.
4. कोण, कधी, कुठे असतं ते विचारा. रात्री माणसं अंगणात झोपत असतील, तर खोलीतला आकडा त्यांचा अनुभव सांगत नाही.

हे काम का महत्त्वाचं? 2018 च्या ‘इको निवास संहिते’ने निवासी इमारतींच्या छतातून किती उष्णता आत यावी याला मर्यादा घातली, पण ती 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी. गावातलं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर त्यात बसतच नाही. त्या घराबद्दल कुणाला काही ठरवायचं असेल, तर आधी तिथले आकडे लागतील. ते तुम्ही गोळा करू शकता.